एका गोळीत दोन औषधे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

संयोजकांनी मला 'औषधे आणि जनता' हा विषय दिला होता. विषय एवढा विस्तीर्ण आहे की त्यावर दिवसभर बोलूनही कोणाच्या हाती काही लागले नसते. आपण सारे मिळून बहुराष्ट्रीय कंपन्यांचा निषेध केला असता आणि भोजनाला उठलो असतो. म्हणून मी त्या विषयाचा एक लहानसा कोपरा निवडला आहे. एकाच गोळीत दोन प्रतिजैविके घालून ती जंतुसंसर्गावर वापरली जातात, ती केव्हा योग्य आणि केव्हा अयोग्य, एवढाच प्रश्न मी आज घेणार आहे. प्रश्न वैद्यकाचा दिसतो. तो केवळ वैद्यकाचा का नाही, हे बोलता बोलता स्पष्ट होईल अशी आशा आहे.

या विषयाकडे मला ओढले ते एका यंत्रमाग कामगाराने. गेल्या पावसाळ्यात तो आपल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आला. मुलाला सर्दी, खोकला, किंचित ताप. बापाने खिशातून गोळ्यांचे कापलेले पाकीट काढून टेबलावर ठेवले. औषधाच्या दुकानातून त्याने चार गोळ्या आणल्या होत्या. अर्धी-अर्धी करून मुलाला दिल्या होत्या. त्या गोळीचे नाव त्याला सांगता येत नव्हते, पण आकडा पाठ होता: 'सहाशे पंचवीस'. आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही बाजारगावात हा आकडा नावासारखा चालतो. ॲमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिड १२५ मिलिग्रॅम, मिळून ६२५. मी रागावलो नाही, पण माझ्या चेहऱ्यावर काही उमटले असावे. तो म्हणाला, "डॉक्टर, दुकानदार म्हणाला यात दोन औषधं आहेत. म्हणजे गुण दुप्पट, असंच ना?"

या प्रश्नाला 'नाही' एवढेच उत्तर देऊन मी त्याला वाटेला लावू शकलो असतो. पण तसे उत्तर खोटे ठरले असते. दोन औषधांनी गुण दुप्पटच काय, हजारपट झाल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात आहेत, आणि त्यांतले सर्वांत मोठे उदाहरण श्रमिकांच्या रोगाचे आहे. तेथूनच आरंभ करतो.

क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले प्रभावी औषध. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याची शिस्तबद्ध चाचणी घेऊन १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. केवळ विश्रांती मिळालेल्या ५२ जणांपैकी १४. जगभर आनंदीआनंद झाला. परंतु त्याच रुग्णांचा पाच वर्षे मागोवा घेतला तेव्हा चित्र पालटले होते: औषधाच्या गटातले ३२ आणि विश्रांतीच्या गटातले ३५ जण मृत्यू पावले होते. पहिल्या सहा महिन्यांतला विजय जवळजवळ पुसला गेला होता. कारण एकच. जंतूंनी स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणे आत्मसात केले होते.

हे कसे घडते ते समजून घ्यायला गणिताची फारशी गरज नाही. क्षयाने फुफ्फुसात पोकळी पडते, तिच्यात सुमारे दहा कोटी जंतू असू शकतात. आयसोनियाझिड या औषधाला दाद न देणारा जंतू साधारणपणे दहा लाखांत एक, आपोआपच जन्माला येतो. औषध दिल्यामुळे नव्हे, तर प्रजननातल्या चुकीमुळे. म्हणजे एकट्या आयसोनियाझिडने बाकी सारे मेले तरी शंभरेक जंतू मागे राहतात आणि मोकळे रान मिळताच तेच पसरतात. रिफॅम्पिसिनला दाद न देणारा जंतू दहा कोटींत एक. पण दोन्ही औषधांना एकाच वेळी न जुमानणारा जंतू किती विरळ? हे दोन आकडे एकमेकांनी गुणायचे. एकावर चौदा शून्ये इतक्या जंतूंत तसा एक. तेवढे जंतू मानवी देहात मावत नाहीत. एक औषध दुसऱ्याचे रक्षण करते, ते असे.

ही समज आल्यावर स्ट्रेप्टोमायसिनबरोबर 'पास' नावाचे औषध जोडण्यात आले, मग आयसोनियाझिड आले, आणि क्षयाच्या उपचाराचे शास्त्र खऱ्या अर्थाने उभे राहिले. त्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याला अभिमान वाटावा असा आहे. १९५६ मध्ये मद्रास येथे एक प्रयोग सुरू झाला. रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एक गट आरोग्यधामात, स्वच्छ हवेत, चांगल्या आहारावर. दुसरा गट आपल्याच दाटीच्या घरांत, अपुऱ्या अन्नावर, बरेच जण कामावरही जाणारे. औषधे दोघांना तीच: आयसोनियाझिड आणि पास. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. घरी राहिलेले रुग्ण आरोग्यधामातल्यांच्या जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरातल्या माणसांना संसर्गाचा धोकाही वाढलेला आढळला नाही. साथींनो, याचा अर्थ ध्यानात घ्या. तोवर क्षय बरा होणे हे ज्याला डोंगरावरचे आरोग्यधाम परवडते त्याचे भाग्य होते. दोन औषधांच्या जोडीने ते भाग्य गिरणी कामगाराच्या खोलीपर्यंत आणून ठेवले. मात्र या निष्कर्षाचा आधार घेऊन 'गरिबाला चांगल्या अन्नाची गरजच नाही' असे म्हणणारेही काही निघाले. त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

आज क्षयाच्या रुग्णाला पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे द्यावी लागतात. २०१७ पासून ही औषधे आपल्या सरकारी कार्यक्रमात एकाच गोळीत, रोजच्या रोज, वजनाप्रमाणे दिली जातात. ही एकत्रित गोळी नुसती सोयीची नाही. औषधे सुटी दिली तर माणूस एखादे टाकतो. पोट बिघडले म्हणून, गोळ्या फार झाल्या म्हणून, किंवा एखादे संपले आणि मिळाले नाही म्हणून. मग उरलेल्या औषधाला एकट्याला लढावे लागते आणि १९४८ ची पुनरावृत्ती होते. एका गोळीत चारही असली की ही निवड करण्याची मुभाच राहत नाही.

संयुक्त औषधाचे दुसरे योग्य रूप म्हणजे तीच 'सहाशे पंचवीस'. येथे तर्क निराळा आहे. पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांच्या रेणूत एक कडे असते. त्याच्यावरच त्याची सारी शक्ती अवलंबून. काही जंतू एक एन्झाइम तयार करतात आणि ते कडे फोडून टाकतात. क्लॅव्युलॅनिक ॲसिड स्वतः जंतू मारण्यात जवळजवळ निकामी आहे. ते फक्त त्या एन्झाइमला जाऊन चिकटते, त्याला गुंतवून ठेवते, आणि तेवढ्यात ॲमॉक्सिसिलिन आपले काम करते. दरोडेखोराचे हात एकाने धरावेत आणि दुसऱ्याने त्याला बांधावे, असा हा प्रकार. हे संयुक्त औषध १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आले. कुत्रा-मांजर किंवा माणूस चावल्याची जखम, दाताच्या मुळाशी पसरलेला पू, काही प्रकारचे कानाचे व सायनसचे जंतुसंसर्ग, अशा ठिकाणी त्याची योग्यता वादातीत आहे, कारण तेथे कडे फोडणारे जंतू हजर असण्याचा संभव मोठा.

पण आता नीट ऐका. घसा बसतो, टॉन्सिल सुजतात, त्यामागे जंतू असलाच तर तो बहुधा स्ट्रेप्टोकॉकस. हा जंतू ते एन्झाइम तयारच करत नाही. त्याला मारायला साधे पेनिसिलिन किंवा साधे ॲमॉक्सिसिलिन पुरते. न्यूमोनियाचा जो प्रमुख जंतू, न्यूमोकॉकस, तोही ते एन्झाइम करत नाही. तो पेनिसिलिनला दाद देईनासा होतो तेव्हा आपली भिंत बांधणाऱ्या प्रथिनांची घडण बदलून होतो, आणि तेथे क्लॅव्युलॅनिक ॲसिड काडीचाही उपयोग करत नाही. जेथे हात धरण्यासाठी दरोडेखोरच नाही तेथे धरणाऱ्याची मजुरी मात्र द्यावी लागते. ही मजुरी दोन प्रकारांनी वसूल होते. एक, पैशांत. दुसरी, देहातून: जुलाब अधिक होतात आणि क्वचित यकृताला अपाय होऊन कावीळही होते, तीही मुख्यतः या जोडीदारामुळे. शिवाय हे ॲसिड ओलाव्याला नाजूक असते. मूळ पाकिटातून काढून कागदाच्या पुडीत दिलेली गोळी आपल्या पावसाळ्यात किती दिवस तग धरणार, याचा विचार ज्याचा त्याने करावा. माझ्या त्या कामगाराच्या मुलाला तर जंतूचा नव्हे, विषाणूचा ताप होता. तेथे ना ॲमॉक्सिसिलिनचे काम होते, ना त्याच्या सोबत्याचे.

तिसरे उदाहरण कोट्रायमॉक्साझोलचे. त्यात दोन औषधे जंतूच्या एकाच जीवनप्रक्रियेतल्या दोन लागोपाठच्या पायऱ्या अडवतात. ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोल या दोघांचा देहात टिकून राहण्याचा काळ जवळपास सारखा, म्हणून ती एका गोळीत शोभतात. एचआयव्हीबाधितांना विशिष्ट न्यूमोनियापासून वाचवण्यासाठी हे स्वस्त औषध आजही मोलाचे आहे.

या तीन उदाहरणांतून कसोटी आपोआप हाती येते. दुसऱ्या औषधाला पहिल्याच्या सोबत काही विशिष्ट काम असले पाहिजे: प्रतिरोध रोखण्याचे, जंतूचे शस्त्र निकामी करण्याचे, किंवा तोच घाव दुसऱ्या बाजूने घालण्याचे. दोघांच्या मात्रा आणि वेळा जुळल्या पाहिजेत. आणि हे सारे रुग्णांवरच्या चाचणीत सिद्ध झालेले असले पाहिजे, माहितीपत्रकात नव्हे.

आपल्या बाजारात काय आहे? ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एका गोळीत, जुलाबासाठी. एक जंतूंसाठी, दुसरे अमिबासाठी. दोन्ही एकाच वेळी झालेला रुग्ण विरळा, आणि बहुतेक तीव्र जुलाबांत या दोहोंपैकी एकाचीही गरज नसते. गरज असते मीठ-साखर-पाण्याची. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना हे पाणी पाजले आणि सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आणले. त्या पाण्याच्या पुडीत नफा फारसा नाही. दुसरे, ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॉक्सासिलिन, अर्धे अर्धे: जंतू कोणताही असो, निम्मी गोळी वाया आणि उरलेली निम्मी अपुरी. सेफिक्झिम आणि ॲझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम आणि ऑफ्लॉक्सासिन: म्हणजे निदान करण्याचे कष्ट नकोत म्हणून दोन व्यापक माऱ्याची औषधे एकदम. आणि एक प्रकार तर असा आहे की तो मी प्रथम वाचला तेव्हा मला छापण्यातली चूक वाटली. प्रतिजैविक आणि उपयुक्त जिवाणू, दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये! जंतू मारणारा आणि जंतू असा संसार एका खोलीत थाटून दिलेला. त्यात कोण उरेल हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने अशा शंभरावर जोड्या 'वापरू नयेत' या सदरात घातल्या आहेत. २०१८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी भारतातल्या २००७ ते २०१२ या काळातल्या विक्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रतिजैविकांच्या ११८ निश्चित जोड्या त्यांना येथे विकल्या जाताना आढळल्या. त्यांतल्या ७५ जोड्यांना देशाच्या औषध नियंत्रकाची मान्यताच नव्हती. या ११८ पैकी ब्रिटन किंवा अमेरिकेत मान्यता असलेल्या जोड्या अवघ्या पाच.

येथे कोणी म्हणेल की पाश्चात्त्य देशांत भांडवलदार अधिक सज्जन आहेत. तसा गैरसमज नको. १९५६ मध्ये वॉशिंग्टनला प्रतिजैविकांवर एक परिषद भरली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात प्रतिजैविकांचे प्रमुख असलेले हेन्री वेल्श यांनी तेथे उद्घाटनाच्या भाषणात जाहीर केले की संयुक्त प्रतिजैविकांचे नवे, तिसरे युग सुरू झाले आहे. त्याच सुमारास फायझर कंपनीने दोन प्रतिजैविकांची 'सिग्मामायसिन' नावाची जोडी बाजारात आणली आणि 'तिसरे युग' हेच शब्द तिच्या जाहिरातीत झळकले. या औषधाच्या एका जाहिरातीत आठ डॉक्टरांची भेटपत्रे छापली होती, हे सारे ते औषध वापरतात म्हणून. जॉन लिअर नावाच्या पत्रकाराने १९५९ मध्ये त्या डॉक्टरांचा शोध घेतला. त्यांपैकी एकही अस्तित्वात नव्हता. पुढे सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीपुढे असे उघड झाले की वेल्शसाहेबांना आपल्या नियतकालिकांतून, औषध कंपन्यांच्या जाहिराती व पुनर्मुद्रणे यांच्यामार्गे, दोन लाख ८७ हजार डॉलर मिळाले होते. १९६० मध्ये त्यांना पद सोडावे लागले. १९६२ मध्ये कायदा झाला: औषध केवळ निर्धोक असून भागणार नाही, ते गुणकारी असल्याचे कंपनीनेच सिद्ध केले पाहिजे. त्या कसोटीवर संयुक्त प्रतिजैविकांची छाननी झाली. अपजॉन कंपनी आपल्या 'पॅनाल्बा' या जोडीसाठी न्यायालयापर्यंत लढली आणि १९७० मध्ये हरली. कंपन्या तेथेही तशाच होत्या. फरक पडला तो चव्हाट्यावर झालेल्या चौकशीने आणि कायद्याने.

आपल्याकडे कायदा नव्हता असे नाही. १९८३ मध्ये भारत सरकारने काही जोड्यांवर बंदी घातली. पेनिसिलिन व सल्फा, टेट्रासायक्लिन व 'क' जीवनसत्त्व, पोटात घेण्याच्या क्लोरॅम्फेनिकॉलची इतर कोणत्याही औषधाशी जोडी, हे सारे त्या यादीत होते. पुढे नियम असा झाला की निश्चित प्रमाणातली नवी जोडी म्हणजे नवे औषधच, आणि त्याला केंद्रीय नियंत्रकाची परवानगी हवी. परंतु कारखान्याचा परवाना राज्याने द्यायचा असतो. राज्यांच्या परवाना अधिकाऱ्यांनी केंद्राला न विचारताच परवाने वाटले. संसदीय समितीच्या मे २०१२ च्या अहवालाने यावर कडक ताशेरे ओढले. मग प्राध्यापक कोकाटे यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती बसली, आणि १० मार्च २०१६ रोजी ३४४ जोड्यांवर बंदी आली. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये बंदी रद्द झाली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०१७ मध्ये फेरतपासणीचा आदेश झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ जोड्यांवर पुन्हा बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ जोड्यांची यादी निघाली. या साऱ्या काळात अर्थातच विक्री थांबलेली नव्हती, आणि एका जोडीवर बंदी आली की मात्रा बदलून किंवा तिसरा घटक टाकून नवी जोडी तयार होते. तपासणीची गाडी विक्रीच्या गाडीमागे बैलांनी ओढायची, असा हा शर्यतीचा नियम आहे.

जोडीचा हा हव्यास कंपन्यांना का? याचे उत्तर आपण वैद्यकात शोधू नये. ॲमॉक्सिसिलिन किंवा सेफिक्झिम कोणीही बनवू शकतो; शंभर कंपन्यांच्या गर्दीत आपली गोळी वेगळी कशी दाखवायची? तिच्यात काहीतरी मिसळून. शिवाय २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशानुसार कमाल किंमत लागते ती आवश्यक औषधांच्या यादीतल्या नेमक्या औषधाला, नेमक्या मात्रेत. त्यात दुसरे औषध मिसळले की यादीतली कमाल किंमत लागू होत नाही; तिची किंमत निराळी ठरते, आणि ती ठरवताना आधार बाजारात चालू असलेल्या किमतींचाच घेतला जातो. १९७९ च्या आदेशात ३४७ मूळ औषधे नियंत्रणाखाली होती. १९८७ मध्ये ती १४२ झाली, १९९५ मध्ये ७४. हे आकडे केवळ सरकारे बदलल्याने उतरलेले नाहीत. या काळात सत्तेवर कोण कोण होते ते आठवले तर आपल्यालाही आपल्या जुन्या मित्रांची नावे सापडतील.

वाट दाखवणारे कोणी नव्हते असेही नाही. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने एप्रिल १९७५ मध्ये अहवाल दिला: आवश्यक औषधांना प्राधान्य द्या, व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने काढून टाका, सार्वजनिक क्षेत्राला अग्रस्थान द्या. दोन महिन्यांत देशात आणीबाणी आली आणि अहवाल बासनात गेला. शेजारच्या बांगलादेशाने १९८२ मध्ये जे औषध धोरण आणले त्यात एक स्पष्ट कलम होते: प्रतिजैविकाशी दुसऱ्या प्रतिजैविकाची जोडी चालणार नाही, कोट्रायमॉक्साझोलसारखे मोजके अपवाद. सतराशेहून अधिक औषधे बाजारातून काढण्याचा निर्णय झाला. त्यामागे डॉ. झफरुल्ला चौधरी यांच्यासारखे लोकांत काम करणारे डॉक्टर होते. ते धोरण एका लष्करशहाच्या राजवटीत आले ही गोष्ट लोकशाहीवाद्यांना टोचणारी आहे, मलाही टोचते. पण ती लपवून मला पुढे जाता येत नाही.

आणि आपले पिंपरी. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढच्या वर्षी या देशात सार्वजनिक मालकीचे पेनिसिलिन तयार होऊ लागले. स्वस्त, साधे, एकट्याने पुष्कळ काम करणारे पेनिसिलिन. तो कारखाना खंगत गेला. देशातले पेनिसिलिनचे उत्पादन थांबले, कच्चा माल चीनमधून येऊ लागला. २०२४ मध्ये काकिनाड्याला पेनिसिलिन आणि नालागढला क्लॅव्युलॅनिक ॲसिड तयार करणारे कारखाने सुरू झाले, ते खाजगी मालकीचे, सरकारी प्रोत्साहनाच्या पैशाने. देशात उत्पादन व्हावे हे आपल्याला हवेच आहे. पण पैसा जनतेचा असेल तर त्या मालाची गोळी कोणत्या जोडीत आणि कोणत्या किमतीला विकली जाईल, हे विचारण्याचा अधिकारही जनतेचा असला पाहिजे.

हे सारे चालू असताना एक घटना घडली, ती मला सर्वांत अस्वस्थ करते. मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या औषधांचा पुरवठा अनेक राज्यांत आटला. केंद्राने राज्यांना पत्र पाठवले की तीन महिन्यांपुरती औषधे तुमच्या पातळीवर खरेदी करा, आणि तेही न जमल्यास रुग्णाला औषधाचे पैसे द्या. साथींनो, एका देशात, एकाच वेळी, औषधाच्या प्रत्येक दुकानात अनावश्यक जोड्यांच्या चळती लागलेल्या होत्या, आणि जी एक जोडी रोज घेतलीच पाहिजे, जिच्यात चार दिवसांचा खंडही घातक, ती सरकारी केंद्रात मिळत नव्हती. खंड पडलेल्या उपचारातूनच पुढे तो क्षय जन्मतो, जो नेहमीच्या औषधांना जुमानत नाही. त्याचे उपचार अधिक कडक आणि अधिक खर्चाचे असतात. मुंबईच्या दाट वस्त्यांत त्याचे रूप किती भीषण आहे, हे तेथे काम करणाऱ्या आपल्या साथींना सांगायला नको.

आता आपण काय करू शकतो? मी मोर्चा सुचवत नाही. मोर्चे आपल्याला काढता येतात. मी जे सुचवतो ते कंटाळवाणे आहे. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तीन गोष्टींची नोंद दरमहा घ्यावी: क्षयाची एकत्रित गोळी किती दिवसांची शिल्लक आहे, साधे ॲमॉक्सिसिलिन आहे का, आणि जलसंजीवनीच्या पुड्या आहेत का. शिल्लक महिन्याच्या खाली गेली की जिल्ह्याकडे लेखी विचारणा करावी आणि पोच घ्यावी. दुकानांच्या बाबतीत, २०१४ पासून 'एच-वन' अनुसूचीतल्या औषधांची, म्हणजे सेफिक्झिमसारखी प्रतिजैविके आणि क्षयाची औषधे यांचीही, स्वतंत्र वही ठेवणे दुकानदाराला बंधनकारक आहे; ती वही तपासली जाते की नाही, हे औषध निरीक्षकाला माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते. दुकानदाराशी भांडू नका. तोही बहुधा कर्जात बुडालेला लहान माणूस आहे, आणि रात्री दहा वाजता गावात दुसरे कोणी उघडे नसते, हे खरे आहे. आपले भांडण परवाना देणाऱ्याशी आणि गोळी बनवणाऱ्याशी आहे.

डॉक्टरांविषयीही एक शब्द. माझ्या व्यवसायातल्या अनेकांना हे सारे ठाऊक आहे, तरी त्यांचे हात जोडीचेच नाव लिहितात. रुग्ण चौथ्या दिवशी दुसऱ्याकडे जाईल ही भीती त्यामागे असते, आणि जंतू नेमका कोणता हे तपासायची सोय तालुक्याच्या ठिकाणी नसते हेही असते. माझ्याही हातून असे झालेले आहे; आरंभीच्या वर्षांत तर पुष्कळदा. कंपनीचा प्रतिनिधी दर आठवड्याला येई, आणि नव्या औषधाविषयी माझ्याशी बोलणारा तो एकटाच माणूस होता. सरकारच्या वतीने मला औषधाविषयी एक ओळ सांगायला तीस वर्षांत कोणीही आलेले नाही.

तो यंत्रमाग कामगार पुन्हा आला होता. मुलगा औषधाशिवाय बरा झाला होता. पण या वेळी तो स्वतःसाठी आला होता: तीन आठवड्यांचा खोकला, रात्री घाम, वजन उतरलेले. पिंजलेल्या सुताच्या धुळीत वीस वर्षे. मधल्या काळात त्याने दुकानातून दोनदा गोळ्या आणून खाल्ल्या होत्या, एकदा तर एक जोडीची. मी त्याला थुंकी तपासायला सरकारी केंद्रात धाडले. अहवाल क्षयाचा आला. आता तो चार औषधांच्या गोळ्या रोज घेतो आहे, आणि दर महिन्याला केंद्रात गोळ्या शिल्लक आहेत का, हे मी फोन करून विचारतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.